पाळणा असलेली बारा घरे

१९११ सालच्या ऑगस्टची एकोणतीस तारीख. लेखार गावच्या पंचांनी अस्लान पर्जियानीच्या रक्ताची किंमत सातशे वीस रुबल ठरवली. बारा बैलांची किंमत. दारिको ग्वार्लियानीच्या गोठ्यात बैल दोन होते.

आकडा मात्र जर-तरचा होता. ज्या दोराला धरून अस्लान गवत कापायला कड्यावर उतरला आणि जो तुटून तो खाली एंगुरी नदीत गेला, तो दोर दारिकोच्या घरचा असेल तर सातशे वीस रुबल द्यायचे. ते वर्षाच्या आत दिले नाहीत तर दारिकोचा एकुलता एक मुलगा बेकेर्बी दिसेल तिथे त्याला गोळी घालायला पर्जियानी मोकळे. दोर पर्जियानींच्याच घरचा असेल तर कोणी कोणाचे काही देणे लागत नाही. डोंगरातला कायदा असाच होता. ज्याच्या घरच्या वस्तूने माणूस मेला, त्याच्या घरावर रक्त. उसनी दिलेली बंदूक घेणाऱ्याच्या हातून उडाली, तरी रक्त मालकाच्याच दारात येते.

दोर कोणाचा हे सांगणारी जिवंत माणसे दोनच होती, बेकेर्बी आणि त्याची आई. दोघांनीही दोर पर्जियानींचा असे सांगितले होते. पण मुलाला वाचवायला आई काय वाटेल ते सांगेल, हे पंचांनाही कळत होते. त्यांनी निवाडा दिला, की ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ग्वार्लियानींच्या भाऊबंदांतल्या बारा पुरुषांनी देवळातल्या तामार राजाच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घ्यावी. बाराही जणांनी घेतली तर प्रकरण मिटले. एकाने जरी हात मागे घेतला, तर सातशे वीस.

दोर दारिकोचा होता. शेळीच्या काळ्या-पांढऱ्या केसांचा, आठ वर्षांपूर्वी तिने स्वतः वळलेला.

दारिको घाटापलीकडच्या गावची. सतराव्या वर्षी लग्न होऊन लेखारला आली आणि लग्नाच्या सहाव्या वर्षी विधवा झाली. नवरा गिगो फेब्रुवारीत मीठ आणायला खाली गेला होता. येताना वरून बर्फाचा कडा सुटला. मे महिन्यात सापडला, तेव्हा मिठाची पिशवी त्याच्या छातीशी तशीच होती. त्या मिठाचे काय करायचे हे तिला कोणी सांगितले नाही. तिने ते गुरांना घातले. बेकेर्बी तेव्हा दोन वर्षांचा होता.

तिच्या हाताला एक कसब होते. दोर वळावा तर दारिकोने. सबंध गावात म्हणत, सासूची जीभ आणि दारिकोचा दोर, दोन्ही तुटत नाहीत. गवताच्या दिवसांत लोक दोर मागायला यायचे, जाताना चीज किंवा जव ठेवून जायचे. त्यावर तिने मुलगा वाढवला. त्या उन्हाळ्यात मात्र चांगले दोन दोर तिने बाहेर दिले आणि घरी जुना ठेवला. मध्यावर, जिथे तो नेहमी दगडाला घासत असे, तिथला एक पेड उसवलेला तिला दिसला होता. एवढी कापणी होऊ दे, मग नवा वळू, असे तिने मनाशी म्हटले. ज्याला रोज काम असते तो असे पन्नास वेळा म्हणतो.

एकवीस ऑगस्टला ती भाकरी घेऊन वर गेली तेव्हा बेकेर्बी कड्याच्या टोकाशी पालथा पडून खाली बघत होता. त्याच्या मनगटाला दोराचा तुकडा गुंडाळलेला होता. तळहात सोलून निघाले होते. अस्लान आणि तो एका वयाचे, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. बेकेर्बी आईला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, की मी सोडला नाही. तिने तो तुकडा त्याच्या मनगटावरून सोडवला आणि झग्याखाली कमरेला बांधला. का बांधला, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हते.

खाली नदीच्या काठी माणसे जमली होती. प्रेत दोन कोस खाली सापडले, अंगावर दोर नव्हता. अस्लानचा बाप तातारखान याने रडण्याआधी विचारले, की दोर कोणाचा होता. ही त्याची क्रूरता नव्हे. कोणीही तेच विचारले असते. बेकेर्बीने तोंड उघडले, पण त्याच्या आधी दारिको बोलली.

"तुमचाच."

तातारखान मनाशी आपले दोर मोजू लागला. आदल्या वर्षी त्याचा एक दोर हरवला होता आणि तो कोणाकडे राहिला ते त्याला आठवत नव्हते. त्याच्या बायकोने, मारेखने, नवऱ्याकडे बघितले. ते बघणे दारिकोला पुढे आयुष्यभर पुरले.

घरी येऊन तिने तुकडा चुलीत घातला. केस जळाल्याचा वास घरात तीन दिवस राहिला. तिचा दीर मुर्झाकान शेजारीच राहत असे. त्याची धाकटी, चार वर्षांची केतो, रोज सकाळी दारिकोकडे दूध प्यायला यायची. ती नाक दाबून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, कोणाचे केस जाळलेस?"

खोटे बोलताना दारिकोने फक्त मुलाचा जीव बघितला होता. शपथेचा तिने विचार केला नव्हता. आता पंचांनी तीच मागितली होती.

तामार राजाला जाऊन सातशे वर्षे होत आली. ती बाई होती, पण बापाने हयातीतच तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला, तेव्हापासून सगळा मुलूख तिला राजाच म्हणतो. तिने पहिल्या नवऱ्याला हाकलून दिले, दुसरा आपल्या पसंतीने केला, मोठमोठ्या फौजा परतवल्या, आणि स्वतःच्या हातच्या शिवणकामाचे पैसे गरिबांना वाटले. तिच्या राज्यात कोणाचे डोके उडाले नाही की कोणाचे डोळे काढले गेले नाहीत, असे पाद्री दरवर्षी तिच्या सणाला सांगतो. तिची कबर कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. खालचे लोक म्हणतात आमच्या मठात. लेखारचे लोक हसतात. ती वर बर्फात सोन्याच्या पाळण्यात निजली आहे आणि निजल्या निजल्या सगळे ऐकते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते.

ती दयाळू होती, हे पाद्र्याचे म्हणणे. लेखारच्या लोकांना तिची मुदत माहीत होती. तिच्या तसबिरीवर हात ठेवून कोणी खोटे बोलला, तर वर्षाच्या आत त्याच्या घरातले लहानात लहान माणूस आधी जाते, मग क्रमाने वरचे. दारिकोच्या माहेरी पाणवठ्याच्या वाटेवर असे एक घर होते. एका गायीवरून तिथल्या माणसाने खोटी शपथ घेतली होती. वर्षात चार तिरड्या निघाल्या. त्या दाराला कुलूप नव्हते, लावायला कोणी उरले नव्हते. लहानपणी दारिको तिथून घागर घेऊन पळत जायची, पाणी सांडायचे आणि घरी मार बसायचा. ज्या तसबिरीला ती एवढी भीत होती, ती तिने कधी बघितली मात्र नव्हती. लेखारच्या देवळात बायकांना जाता येत नसे. त्यांनी दगडी कुंपणाबाहेर उभे राहायचे.

शपथ घेणारे बारा जण कोण, हे ठरवायचा हक्क पर्जियानींचा होता. रिवाजच तसा. तातारखान पंचांपुढे बसला आणि त्याच्या कोपराशी मारेख बसली. नावे तो घेत होता, पण प्रत्येक नावाआधी ती त्याच्या कानात काही सांगत होती. सातवे नाव आले तेव्हा लोकांच्या लक्षात आले, की ती काय करत आहे. ज्या ज्या घरात पाळणा हलतो किंवा नुकता माळ्यावर गेला आहे, तेच घर ती निवडत होती. म्हातारे नकोत, ज्यांची पोरे मोठी झाली ते नकोत. बाळंतपणे बायकांना पाठ असतात. बारावे नाव मुर्झाकानचे होते. त्याला तीन मुली, आणि सर्वांत धाकटी केतो.

मग ते एकेक करून दारिकोकडे येऊ लागले. त्यांनी स्वतः काही बघितले नव्हते. बाईला शपथ घेता येत नाही, म्हणून तिच्या शब्दावर त्यांनी हात ठेवायचा होता. प्रत्येकाने आत येऊन चुलीपाशी बसावे, थोडी जवाची दारू प्यावी, गवताचे, गुरांचे बोलावे, आणि उठताना विचारावे. गेला नावाचा एक चुलत दीर होता, थट्टेखोर. त्याला पाचवे मूल होऊन महिनाही झाला नव्हता.

"वहिनी, माझ्याकडे पोरांचा बाजार भरलाय," तो म्हणाला. "एखादं तामार राजानं नेलं तर मला मोजताना कळायचंसुद्धा नाही. पण बायको फार मोजते. म्हणून विचारतो. दोर तुमचा नव्हता ना?"

"नव्हता."

"डोळ्यांनी बघितलात?"

"बघितला."

त्याने प्याला उपडा ठेवला आणि तो हसत बाहेर पडला. कुंपणापाशी मात्र बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. असे ती अकरा वेळा म्हणाली. प्रत्येक वेळी शब्द थोडा सोपा जाईल असे तिला वाटले होते. तसे झाले नाही. अकराव्याच्या वेळी तर तिच्या तोंडाला कोरड पडून आवाजच फुटेना, आणि त्या माणसाला वाटले की तिला मुलाच्या काळजीने भरून आले आहे. तोच तिला पाणी देऊन गेला.

मुर्झाकान विचारायला आला नाही. तो तिचे लाकूड फोडून द्यायला आला, नेहमीसारखा. तिनेच विषय काढला, की भाऊजी, तुम्ही काही विचारलं नाहीत.

"तुम्हाला काय विचारायचं?" तो कुऱ्हाड न थांबवता म्हणाला. "तुम्ही माझ्या भावाची बायको. तुमच्यावर विश्वास नाही तर मग दगडावर ठेवू?"

ती आत गेली आणि भिंतीला टेकून बसली. केतो तिच्या मांडीवर येऊन बसली, तेव्हा तिने पोरीला जवळ घेतले नाही आणि उठवलेही नाही.

बेकेर्बी घराच्या बुरुजात होता. रक्ताचा निवाडा होईपर्यंत असे बुरुजातच राहावे लागते, खिडकीशीही यायचे नसते. ती शिडीने वर जेवण न्यायची. तो पोरगा जेवत नव्हता. पहिल्या आठवड्यात त्याने विनवणी केली, की आई, मी जाऊन सांगतो. दुसऱ्या आठवड्यात तो भांडला. तिने त्याला हिशेब करून दाखवला. शेत विकले, बैल विकले, घरातले तांब्याचे भांडे न् भांडे विकले तरी चारशेच्या वर जात नाही. मग वर्षाने तुला गोळी लागलेला शोधायचे का मी? तिसऱ्या आठवड्यात तो काही बोलेनासा झाला. एकदा ती शिडी उतरत असताना अंधारातून म्हणाला, "काकांची केतो खोकते. इथपर्यंत ऐकू येतं."

केतो खोकत होती, ते खरे होते. सप्टेंबरात सगळीच मुले खोकतात. दारिको गावातल्या प्रत्येक घरावरून जाताना कान देऊ लागली. कोणाचे मूल रडले तर का रडले, कोणाचे गप्प असले तर का गप्प आहे. गेलाच्या तान्ह्याच्या अंगावर पुरळ उठले, ती दोन दिवस भाकरी खाऊ शकली नाही. शपथ अजून व्हायची होती. तरीही तिला वाटे, तामार राजाने मुदत मोजायला सुरुवात केली आहे.

सप्टेंबरच्या शेवटी ती देवळाच्या किल्लीदाराकडे गेली. म्हातारा सिलिबिस्त्रो. देवळाची किल्ली त्याच्या घराण्याकडे सात पिढ्यांपासून होती, पाद्रीसुद्धा त्याला विचारल्याशिवाय कुलूप उघडू शकत नसे. तो खळ्यावर जव पाखडत होता. ती मेण आणायच्या निमित्ताने आली होती. मग आडून आडून विचारले, की एखाद्याला खरे सांगायचे आहे पण उशीर झाला, तर तामार राजा काय करते.

सिलिबिस्त्रोने सूप खाली ठेवले नाही. पाखडता पाखडता त्याने तिला गोष्ट सांगितली, जी तिने शंभर वेळा ऐकली होती. तामार राजा सणाच्या दिवशी देवळात जायला निघाली होती. कपाळाच्या पट्टीवर माणकं लावत होती. दारात भिकारीण आली. आतून निरोप गेला, की राजा तयार होते आहे, थोडी थांब. तयार होऊन बाहेर आली तर भिकारीण गेलेली. सगळीकडे शोधले, सापडली नाही. तेव्हा तिने ती पट्टी काढली, पुन्हा कधी घातली नाही.

"माणकं देवाच्या आईला वाहिली," म्हातारा म्हणाला. "लोक म्हणतात केवढी उदार. मी म्हणतो, ती घाबरली होती. तिला जन्मभर चैन पडलं नाही, की ती बाई कोण होती. थोडी थांब, म्हणजे किती, हे तिला चांगलं कळतं, दारिको. मला यापेक्षा जास्त विचारू नकोस. मी किल्लीदार आहे. ऐकलं तर मला पंचांना सांगावं लागेल."

ती मेण घेऊन घरी आली. त्या दिवशी तिने ठरवले. रविवारी पहिल्या माणसाचा हात पुढे होण्याआधी बोलायचे. हे तिने कोणालाही सांगितले नाही, बेकेर्बीलासुद्धा नाही.

रविवारी सकाळी वरच्या शिखरांवर नवे बर्फ होते. सगळे गाव देवळाशी जमले. बायका कुंपणाबाहेर, पर्जियानी एका अंगाला, ग्वार्लियानी दुसऱ्या. मारेख काळ्या वस्त्रांत होती आणि दारिकोकडे बघत नव्हती. तिची नजर बारा जणांवर होती. बाराही जण उंबऱ्यासमोर ओळीने उभे. सिलिबिस्त्रो आत गेला आणि तसबीर घेऊन बाहेर आला.

दारिकोने ती पहिल्यांदाच बघितली. तिला वाटले होते मोठी असेल. ती पोळपाटाएवढी होती. चांदीचा पत्रा जागोजाग झिजलेला, चेहरा तर हात लागून लागून जवळजवळ पुसला गेलेला. नाक नव्हते, तोंड नव्हते. फक्त दोन डोळे राहिले होते, कारण डोळ्यांना कोणी हात लावत नाही.

सिलिबिस्त्रोने शब्द म्हटले. खोटे असेल तर चुलीतला धूर थांबो. गोठ्यात गाय न हंबरो. पाळणा रिकामा हलो. हे शब्द ठरलेले होते, पण आजवर तिने ते लांबून पुटपुटल्यासारखे ऐकले होते. आज एकेक स्वच्छ ऐकू आला. तिने श्वास घेतला, आता बोलायचे.

रक्ताचा सर्वांत जवळचा नातेवाईक पहिल्याने शपथ घेतो. हे तिला माहीत होते. मुर्झाकान पुढे झाला. तिने तोंड उघडले, आणि आवाज आला नाही. स्वप्नात ओरडताना होते तसे. मुर्झाकानने टोपी काढली, हात ठेवला आणि जराही न अडखळता म्हणाला, "दोर आमचा नव्हता." मग तो बाजूला झाला.

दुसरी पाळी थट्टेखोर गेलाची. हात पुढे करताना त्याने एकदा वळून बायकांच्या घोळक्यात बघितले. त्याची बायको तान्ह्याला घेऊन उभी होती. तो हसला नाही.

"दोर माझा आहे," दारिको म्हणाली.

ती कशी आत गेली हे तिला पुढे कधी सांगता आले नाही. ती कुंपणाच्या आत उभी होती एवढे खरे, आणि शेकडो वर्षांत कोणी बाई तिथे उभी राहिली नव्हती. तिने पुन्हा म्हटले, की दोर मी वळला, पेड उसवलेला मला माहीत होता, तुकडा मी चुलीत जाळला. बेकेर्बीला मी खरे बोलू दिले नाही.

गेलाने आपला हात मागे घेतला आणि तो दुसऱ्या हाताने पुसला, भाजल्यासारखा. मग मारेख कुंपणापाशी आली. लोकांना वाटले ती दगड उचलणार.

"सहा आठवडे," मारेख म्हणाली, "सहा आठवडे मी नवऱ्याच्या ताटात वाढलं नाही. त्याच्या दोरानं माझा मुलगा मारला म्हणून त्याला रोज बोलले. आणि तो ऐकून घेत होता." तिने तातारखानकडे बघितले. तातारखान खाली बघत होता. "तू माझा मुलगा मारलास, ते मी समजू शकते. दोर जुना होतो. पण हे काय केलंस ग?"

पंचांनी तिथेच सातशे वीस कायम केले, मुदत एक वर्ष. ती खरे बोलली म्हणून कमी करावे असे कोणी सुचवले नाही, तिनेही नाही.

मुर्झाकान सिलिबिस्त्रोसमोर उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने विचारले, की माझी शपथ परत घेता येईल का, मला माहीत नव्हते.

"माहीत नव्हतं हे ती ऐकते की नाही, मला ठाऊक नाही," सिलिबिस्त्रो म्हणाला. "सांगितलेलं परत घेता येत नाही, बाळा. वर्ष बघायचं."

त्या दिवसापासून मुर्झाकानच्या घराचे दार दारिकोला बंद झाले. केतोला तिच्या अंगणात यायची मनाई झाली. पोरगी सकाळी सवयीने निघायची, आई तिला मागे ओढायची. बेकेर्बी बुरुजातून उतरला आणि आठ दिवसांत खाली सखल मुलखात लाकडाच्या कारखान्यावर गेला. मजुरी महिन्याला पस्तीस रुबल. दारिकोने दोन्ही बैल विकले, वरचे शेत विकले, तांबे विकले. दोर वळायला कोणी सांगेना, तेव्हा ती लोकरीचे मोजे विणू लागली. शपथेच्या रविवारपासूनच दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती एक मेणबत्ती कुंपणापाशी ठेवायची आणि सिलिबिस्त्रो ती आत नेऊन लावायचा. मेण त्याच्याकडचेच.

वर्ष मोजण्यात गेले. इतर लोक पैशाचे वर्ष मोजत होते, बेकेर्बीच्या जिवाचे. दारिकोला पैशाची भीती वाटत नव्हती, कारण पैसा दिसतो, कमी होतो. रात्री भिंतीपलीकडून खोकला आला की ती उठून बसायची. आला नाही की जास्त वेळ बसायची.

फेब्रुवारीत केतोला ताप भरला. गावात तीन मुलांना तोच ताप होता, पण ते कोणी बोलले नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितले आणि आपापली मुले घरात घेतली. दारिको दिराच्या दाराबाहेर बर्फात जाऊन बसली. आत बोलावतील अशी तिची अपेक्षा नव्हती. ती नुसती बसली, पहिला दिवस, दुसरा दिवस. जाऊबाईंनी दारातून बघितले आणि दार लावून घेतले. ती तामार राजाशी बोलत होती, की घ्यायचे तर क्रम मोड. लहानापासून नको. माझ्यापासून घे.

तिसऱ्या दिवशी दार उघडले. मुर्झाकान उभा होता, चार महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"आत या, वहिनी. माझ्या दारात मेलात तर तेही रक्त माझ्याच घरावर यायचं."

ती आत गेली. पोरगी तापाने लाल झाली होती, कोणाला ओळखत नव्हती. नऊ दिवस दोघी जावा आळीपाळीने जागल्या. एकमेकींशी बोलल्या त्या पाणी दे, पांघरूण ओढ, एवढेच. दहाव्या दिवशी ताप उतरला. केतो वाचली. तिला डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले.

गावाने त्याचे दोन अर्थ लावले. काही म्हणाले, नकळत घेतलेली शपथ अर्धी, म्हणून तामार राजाने अर्धेच घेतले. काही म्हणाले, तापाने कान जातोच, शेजारच्या खोऱ्यात चार मुलांचा गेला. दारिकोला दोन्ही खरे वाटे. ती तिथून घरी आली आणि पुन्हा मोजू लागली, कारण आठ महिने अजून उरले होते.

ऑगस्टच्या बारा तारखेला बेकेर्बीचे शेवटचे पैसे आले. पंचांसमोर सातशे वीस रुबल तातारखानच्या हातात मोजून दिले गेले. तातारखानने मोजले नाहीत, मारेखने मोजले. तिने नोटा रुमालात बांधल्या आणि ती कोणाकडे न बघता निघून गेली. बेकेर्बीचा जीव त्याचा झाला. तो पुढे खालीच राहिला, तिथेच लग्न केले, आणि वर्षातून एकदा आईला भेटायला येत असे. कड्याच्या वाटेने मात्र तो कधी आला नाही, लांबच्या वाटेने यायचा.

१९१२ च्या ऑक्टोबरचा पहिला रविवार आला. मुर्झाकानने त्या दिवशी गुरे बाहेर सोडली नाहीत. त्याच्या बायकोने चूल विझू दिली नाही. दारिकोही सकाळपासून तिथेच होती. कोणी तिला बोलावले नव्हते आणि कोणी जा म्हटले नव्हते. केतोला पायरीच्या खालीही उतरू दिले नाही. ती कंटाळून रडली, मग झोपली, आणि ती झोपली तशी तिघे जण तिची छाती वर-खाली होते का ते बघत बसले. उन्हे शिखरावरून सरकली. देवळाचा क्रूस काळा पडला. मुर्झाकान बाहेर जाऊन आकाश बघून आला. पहिली चांदणी उगवली होती, म्हणजे दिवस संपला. तो आत येऊन काही बोलला नाही. त्याने टोपी काढली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

केतो आवाजाने जागी झाली. भूक लागली म्हणाली. दारिकोने तिला उजव्या बाजूला बसून दूध दिले.

दुसऱ्या दिवशी दारिकोने शेवटची मेणबत्ती कुंपणापाशी नेऊन ठेवली. वर्षात तेरा मेणबत्त्या झाल्या. बारांच्या मेणाचे पैसे तिने सिलिबिस्त्रोला दिले होते. तेराव्या मेणबत्तीचे चाळीस कोपेक द्यायचे राहिले आहेत.